विहीर नको, बशी हवी

कान उघडणाऱ्या सर्जनचा स्वतःचा कान ऑपरेशनभर कामाला लागलेला असतो. ड्रिलचा आवाज जाड, घोगरा येतोय तोवर खाली हाड भरपूर आहे. तोच आवाज चढू लागला, बारीक झाला, की हाडाचा पापुद्रा तेवढा उरलाय, त्याच्या पलीकडे मेंदूचं आवरण किंवा रक्ताची मोठी शीर आहे असं समजायचं आणि हात हलका करायचा. पुस्तकात ही एक ओळ आहे. मी ती वाचली होती, परीक्षेत लिहिली होती, तिचे मार्कही मिळाले होते. पहिल्यांदा ड्रिल हातात आलं तेव्हा मात्र मला तो फरक ऐकूच आला नाही. सर मागून म्हणाले, "अगं, आवाज बदलला." पेडलवरचा पाय मी उचलेपर्यंत पापुद्रा फुटून आवरणाला भोक पडलं होतं.

कुणाला काही झालं नाही. समोर होतं ते देहदानातून आलेलं हाड, टेबलावरच्या धातूच्या वाटीत स्क्रूंनी आवळलेलं. कानाचे सर्जन ज्या खोलीत तयार होतात तिला आम्ही टेम्पोरल बोन लॅब म्हणतो. खऱ्या हाडापासून प्लास्टिकच्या, छापलेल्या आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या हाडापर्यंत तिथे आता बरंच काही आलंय. या सगळ्याची गरज का पडते हे कळायला आधी ते हाड नीट बघायला हवं.

चालू वायरिंगची भिंत

कानामागे बोट लावलं की एक टणक उंचवटा लागतो. तो मास्टॉइड. डोक्याच्या बाजूला असलेल्या टेम्पोरल बोनचा, मराठीत शंखास्थीचा, तो एक भाग. बाहेरून ठोकळ्यासारखं दिसणारं हे हाड आतून बहुतेकांत पोकळ, मधमाश्यांच्या पोळ्यासारखं असतं. या पोकळ्यांच्या पलीकडे, आगपेटीत मावेल एवढ्या जागेत, जे काही कोंबलेलं आहे त्याला शरीरात तोड नाही. ऐकण्यासाठी हातोडा, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडं; त्यातली रिकीब म्हणजे शरीरातलं सगळ्यात लहान हाड, जेमतेम तीन मिलिमीटर उंच, वजन काही मिलिग्रॅम. त्यांच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली कॉक्लिया, म्हणजे ऐकण्याचं मूळ इंद्रिय. तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या. चेहऱ्याचे स्नायू हलवणारी फेशियल नर्व्ह, जी वाटेत दोनदा वळण घेऊन खाली उतरते. जिभेच्या पुढच्या भागाची चव नेणारी एक धाग्याएवढी नस, मधल्या कानातून आरपार. छताला मेंदू. मागे मेंदूतलं रक्त खाली नेणारी सिग्मॉइड सायनस नावाची रुंद शीर. पुढे मेंदूला रक्त पुरवणारी कॅरोटिड धमनी.

पोटाच्या ऑपरेशनात आतडी बाजूला सारता येतात, यकृत उचलून धरता येतं. इथे काहीच सरकत नाही, कारण सगळं हाडात चिणलेलं आहे. वीज चालू ठेवून भिंतीत झिरी मारायची आणि एकही वायर कापायची नाही, असं काहीसं हे काम. त्यातून कॉक्लियाभोवतीचं हाड शरीरातलं सगळ्यात कठीण, तर फेशियल नर्व्हवरचं हाड काही जणांत जागोजागी मुळातच नसतं.

इतक्या आत जायची वेळ का येते? जुना कान वाहण्याचा आजार मास्टॉइडमध्ये पसरला तर. कोलेस्टिअटोमा असेल तर. यात कानाच्या पडद्याची कातडी आत ओढली जाऊन साठत जाते आणि आसपासचं हाड खाते. किंवा कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे बहिऱ्या कानाला ऐकू यावं म्हणून आत बसवायचं यंत्र, घालायचं असेल तर. इम्प्लांटची वाट कानामागूनच जाते: मास्टॉइड पोखरायचं, शेवटी फेशियल नर्व्ह आणि ती चवीची नस यांच्या मधून एक खिडकी काढायची. खिडकीची रुंदी दोन-तीन मिलिमीटर. एका कडेला चेहरा, दुसऱ्या कडेला चव, पलीकडे कॉक्लिया.

आता हातातलं हत्यार बघा. कानाचं ड्रिल मिनिटाला हजारो फेरे घेतं. आजची चांगली ड्रिल ८०,००० फेऱ्यांपर्यंत जातात. टोकाला बसतो तो बर, एक गोल दातेरी मणी. तो हाडावरून निसटला तर क्षणात भलतीकडे पळतो. पाणी कमी पडलं तर इतका तापतो की नसेला स्पर्श न होताही ती भाजू शकते. फिरता बर ऐरणीला नुसता टेकला तरी तो हादरा साखळीतून थेट कॉक्लियात जातो आणि ऐकू येणं कायमचं जाऊ शकतं. पडदा शाबूत, नस शाबूत, आणि कान बहिरा.

एका भोकात दोन माणसं मावत नाहीत

शल्यविद्या पूर्वापार उमेदवारीने शिकली जाते. गुरू करतो, शिष्य बघतो, मग शिष्य करतो आणि गुरूचा हात शेजारी असतो. कानात ही पद्धत एका साध्या कारणाने अडते. सर्जनच्या एका हातात ड्रिल, दुसऱ्या हातात सक्शन, आणि जागा तेवढीच. गुरूचा हात आत मावत नाही. तो मायक्रोस्कोपच्या जोडनळीतून किंवा स्क्रीनवर बघू शकतो, ओरडू शकतो, हात धरू शकतो. पण बर नसेपासून एक मिलिमीटरवर असताना "थांब" हा शब्द कानावर पडून पाय पेडलवरून उठेपर्यंत उशीर झालेला असतो. मी भोक पाडलं ते असंच.

तालमीशिवाय कान उघडण्याचा इतिहास फारसा उत्साहवर्धक नाही. डेन्मार्कच्या राजाचे वैद्य फॉन बर्गर यांच्यावर १७९१ मध्ये मास्टॉइडचं ऑपरेशन झालं. त्यांची तक्रार होती ऐकू न येण्याची, ज्यावर या ऑपरेशनचा उपयोगच नव्हता. काही दिवसांत ते मेंदूच्या आवरणाला जंतुसंसर्ग होऊन गेले. रुग्णच एवढा मोठा असल्याने बातमी पसरली आणि पुढे अनेक दशकं हे ऑपरेशन बदनाम राहिलं. १८७३ मध्ये जर्मनीत हेरमान श्वार्त्से आणि अडोल्फ आयझेल यांनी ते पद्धतशीर मांडलं, कधी करायचं आणि कधी नाही हे सांगितलं, तेव्हा कुठे त्याला प्रतिष्ठा मिळाली. तेव्हाची हत्यारं छिन्नी आणि हातोडी. स्वीडनमध्ये कार्ल ऊलोफ न्युलेन यांनी १९२१ मध्ये एका डोळ्याचा मायक्रोस्कोप कानाच्या ऑपरेशनला वापरला, पुढच्याच वर्षी गुन्नार होल्मग्रेन यांनी दोन डोळ्यांचा. १९५३ मध्ये झाइस कंपनीचा ऑपरेशनसाठीच बनवलेला मायक्रोस्कोप बाजारात आला आणि कानाची शस्त्रक्रिया पार बदलली.

मायक्रोस्कोपने दिसायला लागलं, पण शिकणं अवघड झालं. आधी शेजारी उभं राहून निदान बघता तरी येत होतं. आता जे काही घडत होतं ते दोन भिंगांमागच्या एकाच माणसाला दिसत होतं. त्याच सुमारास प्रतिजैविकं आल्याने कानामागे पू होऊन तातडीने मास्टॉइड उघडावं लागणारे रुग्ण झपाट्याने घटले. रुग्णांसाठी उत्तम. पण जे सोपं, रोजचं ऑपरेशन करत नवखे हात तयार होत, तेच कमी झालं आणि उरली ती बारीक, अवघड कामं. लॅबमधल्या टेबलाला महत्त्व आलं ते यामुळे.

टेबलावर

हाड ज्या वाटीत आवळतात तिला अजूनही हाऊस-अर्बन होल्डर म्हणतात. विल्यम हाऊस हे कॉक्लिअर इम्प्लांटच्या सुरुवातीच्या प्रयोगांसाठी ओळखले जाणारे लॉस एंजेलिसचे सर्जन, तर जॅक अर्बन त्यांच्याबरोबर काम करणारे इंजिनिअर. वाटीत हाड असं बसवायचं की जणू रुग्ण झोपलाय आणि त्याचं तोंड पलीकडे आहे. हे बरोबर जमलं नाही तर पुढचं सगळं चुकतं, कारण डोक्यातला नकाशा त्या दिशेने आखलेला असतो. माझ्या पहिल्या दिवसातली वीस मिनिटं नुसतं हाड बसवण्यात गेली.

मग पहिला धडा. ड्रिल पेनसारखं धरायचं, करंगळी कुठेतरी टेकलेली हवी. अधांतरी हात थरथरतोच, अनुभवी माणसाचाही, आणि दहापट मोठं करून बघितलं की ती थरथर लाजिरवाणी दिसते. बरचं टोक वापरायचं नाही, बाजू वापरायची. जागेत मावेल तो मोठ्यात मोठा बर घ्यायचा. हे नवशिक्याला उलटं वाटतं, नाजूक काम म्हणून तो बारीक बर मागतो. पण बारीक बर सुईसारखा घुसतो. मोठा वरवर खरवडतो. पाणी सतत चालू. आणि नस जिथे असेल असं वाटतं तिथे तिच्या दिशेला समांतर फिरायचं, आडवं कधीच नाही. समांतर फिरताना चूक झाली तर नस खरचटते. आडवी चूक झाली तर तुटते.

सुरुवात कानाच्या भोकाच्या मागे-वरच्या एका छोट्या त्रिकोणापासून होते. स्कॉटलंडचे सर्जन विल्यम मॅकएवन यांच्या नावाने तो ओळखला जातो. त्याच्या खाली, मोठ्या माणसात साधारण दीड सेंटिमीटरवर, अँट्रम नावाची हवेची खोली लागते. हे ऐकल्यावर कुठलाही नवखा काय करेल? त्रिकोणावर बर ठेवून सरळ खाली खणायला लागेल. मी तेच केलं. एक अरुंद, खोल भोक. आत अंधार, भुश्शाचा चिखल, काहीच दिसेना. ज्या भोकात मी आवरण फोडलं ते हेच.

सरांनी ड्रिल बंद करायला लावलं. म्हणाले, "विहीर खणतेयस तू. बशी कर."

कानाच्या शस्त्रक्रियेत याहून उपयोगी सूचना मला अजून मिळालेली नाही. वरचं तोंड आधी रुंद करायचं. वर मेंदूच्या छतापर्यंत, मागे सिग्मॉइडपर्यंत, पुढे कानाच्या नळीच्या भिंतीपर्यंत, तिन्हीकडच्या सीमा उघड्या डोळ्यांनी ओळखून घ्यायच्या, त्यांच्यावर हाडाचा पापुद्रा ठेवायचा. मग थर उतरवत खाली जायचं, कडा उतरत्या ठेवून. अशा खड्ड्यात उजेड तळापर्यंत पोचतो, सक्शनला जागा मिळते आणि प्रत्येक रचना तिच्याशी गाठ पडण्याआधी दिसते. आवरणावरचं हाड पातळ झालं की गुलाबीसर दिसतं, सिग्मॉइडवरचं निळसर. मग अँट्रमच्या तळाशी पिवळट, हस्तिदंतासारखा गुळगुळीत फुगवटा दिसतो, आडव्या अर्धवर्तुळाकार नळीचा. तो सापडला की आपण कुठे आहोत ते नक्की कळतं. फेशियल नर्व्ह त्याच्या जवळून खाली उतरते.

धोका टाळायचा तर धोक्याच्या वस्तूपासून लांब राहावं, हा सामान्य शहाणपणा. कानात तो चालत नाही. नस कुठे आहे ते माहीत नसलेला सर्जनच तिला कापतो. म्हणून ती शोधायची, पातळ हाडाखाली तिची पांढरी रेघ बघायची, मग तिच्याकडे पाठ फिरवायची.

लॅबची खरी किंमत मला हाडाच्या दुसऱ्या अर्ध्या भागात कळली. ऑपरेशन "झालं" की आम्हाला थांबू देत नसत. आता उरलेलं उघड, असं सांगत. ज्या नसेला मी वाचवलं असं मला वाटत होतं तिच्यावरचं हाड पूर्ण सोलायचं आणि माझा बर तिच्यापासून किती लांब होता ते बघायचं. एका हाडात खालच्या भागात बऱ्यापैकी अंतर होतं. वरच्या वळणावर, जिथे मी अगदी निवांत होते, तिथे मी नसेच्या आवरणापर्यंत पोचले होते. ऑपरेशन थिएटरमध्ये हे कधीच कळलं नसतं. तिथे चांगला शिक्षक तुम्ही चुकायच्या आधीच ड्रिल काढून घेतो. रुग्ण वाचतो, आणि आपण नेमके कुठे चुकायला निघालो होतो हे शिष्याला समजत नाही. लॅबमध्ये चूक शेवटपर्यंत करू देतात आणि मग उलट्या पावली जाऊन ती सुरू कुठे झाली ते दाखवतात. काही शिक्षक तर मुद्दाम सांगतात: आज नस काप, कापल्यावर बरच्या खाली ती कशी लागते ते बघ.

खऱ्या हाडाच्या अडचणी उघड आहेत. ते देहदानातून येतं, म्हणजे मोजकं येतं, आणि एकदा पोखरलं की संपलं. फॉर्मॅलिनमधलं हाड टिकतं पण त्यातले मऊ भाग ताठरतात. ताजं गोठवलेलं हाड जिवंत हाडाच्या जास्त जवळ जातं, पण त्यात जंतूंचा धोका राहतो, आणि ड्रिल तर हाडाचा बारीक फवारा हवेत उडवतं. क्रॉइट्सफेल्ट-याकोब या मेंदूच्या आजाराला कारण असलेली प्रायॉन प्रथिनं फॉर्मॅलिनलाही दाद देत नाहीत. त्यामुळे मास्क, चष्मा, ग्लोव्ह्ज हे लॅबमध्येही थिएटरइतकेच कडक.

छापलेलं हाड, पडद्यावरचं हाड

सीटी स्कॅन म्हणजे हाडाचे पातळ काप. ते कॉम्प्युटरमध्ये एकावर एक रचले की त्रिमितीय हाड तयार होतं आणि ते थ्रीडी प्रिंटरवर छापता येतं, कुठे रेझिनमध्ये, कुठे जिप्समसारख्या भुकटीत. नसेच्या जागी रंगीत पदार्थ, शिरेच्या जागी वेगळा रंग. काही मॉडेलमध्ये नसेला आणि शिरेला वायर जोडलेली असते. बर लागला की टेबल ओरडतं. जंतूंची भीती नाही, साठवणुकीचा त्रास नाही. मोठा फायदा वेगळाच: एकाच कानाच्या वीस प्रती निघतात. वीस शिकाऊंना एकच हाड दिलं तर कोण कुठे अडखळलं हे ताडून बघता येतं. दोन माणसांची हाडं सारखी नसल्यामुळे खऱ्या हाडावर ही तुलना शक्यच नाही.

पण छापलेलं हाड हाताला खोटं लागतं. काही रेझिन बरच्या उष्णतेने मऊ होऊन दात्यांना चिकटतात, घासण्याऐवजी वितळतात. पोळ्यातल्या बारीक कप्प्यांत छपाईचा माल अडकून राहतो, मग जिथे हवा असायला हवी तिथे लगदा निघतो. आणि सीटीला जे नीट दिसत नाही ते छापलंही जात नाही; रिकिबीसारखी नाजूक रचना बहुतेक वेळा ठोकळेबाज येते. म्हणून मी छापलेलं हाड बशी करायला शिकवण्यासाठी देईन, मधल्या कानाच्या बारीक कामासाठी देणार नाही. एका कामासाठी मात्र त्याला पर्याय नाही. अवघड रुग्ण असेल, जन्मतःच कानाची रचना वेगळी असेल, तर त्याचंच हाड छापून ऑपरेशनच्या आधी एकदा पोखरून बघता येतं.

तिसरा प्रकार आभासी. इथे हाड म्हणजे लाखो छोटे घन ठोकळे, त्यांना व्हॉक्सेल म्हणतात. हातात पेनसारखी दांडी असते, ती एका यांत्रिक बाहूला जोडलेली. पडद्यावरचा बर हाडाला टेकला की बाहू तुमच्या हाताला उलटा रेटा देतो. ठोकळे झिजले की रेटा सैल होतो. डोळ्याला सेकंदाला तीस-साठ चित्रं पुरतात, हात मात्र फसत नाही. रेटा खरा वाटायला तो सेकंदाला साधारण हजार वेळा नव्याने मोजावा लागतो. हॅम्बुर्गमध्ये तयार झालेला व्हॉक्सेल-मॅन आणि कोपनहेगनचा व्हिजिबल इअर सिम्युलेटर ही यातली जुनी, मान्यता पावलेली नावं. कोपनहेगनच्या सिम्युलेटरमधलं हाड खऱ्या गोठवलेल्या कानाचे पातळ काप घेऊन, त्यांचे फोटो काढून रचलेलं आहे, त्यामुळे रंग बऱ्यापैकी खरे दिसतात. तो कुणालाही फुकट उतरवून घेता येतो, ही गोष्ट मला तंत्राइतकीच महत्त्वाची वाटते.

आभासी हाडाला "मागे जा" असतं. नस कापली? पाच मिनिटं मागे, पुन्हा त्याच जागी. हाड पारदर्शक करून आत बघता येतं. शिक्षक शेजारी नसतानाही पुढचा भाग हिरवा करून "आता इथे" असं दाखवता येतं. यातली शेवटची सोय मला थोडी खटकते. हिरव्या रंगाच्या मागे मागे जाणारा माणूस पटपट पुढे सरकतो, पण रंग बंद केला की गोंधळतो. त्याने हाड वाचलेलं नसतं, रंग वाचलेला असतो. कोपनहेगनच्या संशोधकांनी एक सरळ प्रश्नही तपासून पाहिला: एकाच दिवशी लागोपाठ सराव केलेला बरा, की थोडा थोडा, दिवसांचं अंतर ठेवून? अंतर ठेवून करणारे सरस ठरले. पाढे पाठ करणाऱ्या कुणालाही हे नवल वाटणार नाही. तरी शिबिरं अजून दोन-तीन दिवसांचीच भरतात, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, कारण हाडं आणि मायक्रोस्कोप एकत्र जमवणं तेवढंच जमतं.

सिम्युलेटर म्हटलं की लगेच वैमानिकांचं उदाहरण येतं. मला ते अर्धंच पटतं. एका जातीच्या विमानात कुठलं बटण कुठे आहे हे ठरलेलं असतं. कान मात्र प्रत्येक वेळी नवा. कुणाची सिग्मॉइड इतकी पुढे आलेली की बशीला जागाच नाही, कुणाच्या मेंदूचं छत खाली लोंबतंय, लहानपणापासून कान वाहणाऱ्या कुणाचं मास्टॉइड पोळं नसून भरीव दगड. त्यामुळे एकाच आभासी कानावर पन्नास वेळा सराव केलेला माणूस त्या एका कानात तरबेज होतो. चांगल्या लॅबमध्ये म्हणून वेगवेगळे कान ठेवतात, आणि त्यातले काही मुद्दाम वाईट.

सगळंच एवढं महाग नसतं. लहान मुलांच्या कानात पाणी साठलं की पडद्याला चीर देऊन ग्रोमेट नावाची मण्याएवढी नळी बसवतात. या कामाची तालीम इंजेक्शनच्या रिकाम्या सिरिंजवर होते. नळी म्हणजे कानाची नळी, एका टोकाला ताणून लावलेला ग्लोव्हचा रबर म्हणजे पडदा. मायक्रोस्कोपखाली तिरकी धरायची आणि कडांना न लागता आत चीर द्यायची. हसू येतं, पण पहिल्या दहा वेळा ग्रोमेट हमखास पलीकडे पडतं. एंडोस्कोपने, म्हणजे एका हातात कॅमेरा धरून उरलेल्या एकाच हाताने काम करायला शिकण्यासाठी मेंढीचा कान वापरतात. त्याची रचना आपल्या कानाशी बरीच जुळते. रिकिबीच्या तळाला मिलिमीटरहून लहान भोक पाडून त्यात अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीची दांडी, म्हणजे पिस्टन, बसवण्यासाठी वेगळी छोटी मॉडेल आहेत, त्यातली काही किती जोर लागला तेही मोजतात. पिस्टन गरजेपेक्षा आत गेला तर आतला कान कायमचा जातो, त्यामुळे इथे जोराचा आकडा कळणं ही चैन नव्हे.

मार्क द्यायलाही पद्धत आहे. अमेरिकेतल्या ओहायोत तयार झालेली वेलिंग स्केल बरीच वापरली जाते. पोखरून झालेलं हाड बघून एकेका ओळीला शून्य किंवा एक: छतावरचं हाड पातळ केलं का, त्याला भोक पडलं का, सिग्मॉइड उघडी पडली का, नस शाबूत आहे का. परीक्षक कोण आहे यावर निकाल फारसा बदलू नये असा हेतू. पण संपलेलं हाड हाताची गोष्ट सांगत नाही. नसेजवळ थांबून, बर बदलून, पाणी वाढवून जाणारा आणि नशिबाने वाचलेला, दोघांची हाडं सारखीच दिसू शकतात. म्हणून कामाचं रेकॉर्डिंग बघूनही वेगळे गुण देतात.

आणि लॅबमध्ये नसतं ते रक्त. मेलेल्या हाडातून पाणी आणि भुस्सा निघतो, जिवंत हाड झिरपतं. सुजलेल्या, आजारी कानात ज्या खुणा शोधायला शिकलो त्याच गळालेल्या असतात, ऐरण आजाराने खाल्लेली, नळीचा फुगवटा कोलेस्टिअटोमाखाली दडलेला. दुसरीकडे जिवंत कान काही इशारेही देतो. फेशियल नर्व्हच्या जवळ पोचताना तिच्याभोवतीच्या बारीक रक्तवाहिन्यांमुळे हाडावर गुलाबी छटा येते, एखादा लाल ठिपका उमटतो. लॅबच्या फिकट हाडात तो कधीच दिसला नव्हता, त्यामुळे थिएटरमध्ये पहिल्यांदा दिसला तेव्हा तो इशारा आहे हे मला सांगावं लागलं.

तो ठिपका दिसला तेव्हा ड्रिल सरांच्या हातात गेलेलं होतं. माझ्या पहिल्या रुग्णाच्या वेळी मला फक्त वरचं काम दिलं होतं: त्रिकोण ओळख, तिन्ही सीमा दाखव, बशी कर. लॅबमधलं माझं आठवं का नववं हाड नुकतंच झालं होतं. छताजवळ आवाज चढला तसा माझा पाय आपोआप सुटला. सर काही बोलले नाहीत. अँट्रम उघडलं, तळाशी तो पिवळट फुगवटा दिसला. सरांनी हात पुढे केला, मी ड्रिल त्यांच्याकडे दिलं आणि जोडनळीला डोळे लावले.